पाण्यात उतरण्यापूर्वीची पाच मिनिटे
प्रस्तावना

हे पुस्तक स्कूबा डायव्हिंगच्या आधीच्या पाच मिनिटांबद्दल आहे. साधने जोडून झाली आहेत, सूट अंगावर चढला आहे, होडी नांगर टाकून उभी आहे आणि पाण्यात उतरायचे तेवढे उरले आहे. त्या वेळात दोन डायव्हरांनी एकमेकांची साधने कशी तपासावीत, कोणत्या क्रमाने तपासावीत आणि काय आढळले तर डाइव्ह रद्द करावी, एवढाच याचा आवाका. एवढ्यासाठी अख्खे पुस्तक कशाला, असे कोणीही विचारील. त्या प्रश्नाचे उत्तर नीट द्यायचे म्हणूनच ही प्रस्तावना जरा लांबली आहे.

आधी पाण्याच्या दाबाचे पाहू. जमिनीवर आपण एका वातावरणाच्या दाबाखाली वावरतो. समुद्रात दर दहा मीटरला त्यात आणखी एका वातावरणाची भर पडते. म्हणजे १० मीटरवर दाब दुप्पट, २० मीटरवर तिप्पट आणि ३० मीटरवर चौपट. दाब वाढला की वायूचे आकारमान त्याच प्रमाणात घटते, हा रॉबर्ट बॉइलचा १६६२ सालचा नियम आपण शाळेत शिकतो. डायव्हरच्या पाठीवरच्या टाकीचा सगळा हिशेब याच नियमावर चालतो. नेहमीच्या वापरातली ॲल्युमिनियमची टाकी सुमारे ११ लिटरची असते. २०० बार दाबाने भरली की तिच्यात जवळपास २,२०० लिटर हवा मावते. मिनिटाला २० लिटर हवा घेणाऱ्या माणसाला ती पाण्याच्या पृष्ठभागावर ११० मिनिटे पुरेल. ३० मीटरवर तीच टाकी २७ मिनिटांत रिकामी होईल, आणि परतीसाठी राखायची हवा वजा केली तर त्याच्या बरेच आधी वर निघावे लागेल. खोलीवर प्रत्येक श्वास महाग होतो. गेज वाचण्यात झालेला हलगर्जीपणाही तितकाच महाग पडतो.

खाली काही बिघडले तर झटकन वर यावे, असे नवख्याला वाटते. पण वर येणे ही सावकाश करायची गोष्ट आहे. श्वास रोखून कोणी वर आले तर फुप्फुसातली हवा फुगत जाते. १० मीटरवरून पृष्ठभागापर्यंत ती दुप्पट होते. तेवढ्याने फुप्फुसाला इजा होऊन हवेचे बुडबुडे रक्तात शिरू शकतात आणि मेंदूपर्यंत पोहोचू शकतात. शिवाय दाबाखाली शरीरात विरघळलेला नायट्रोजन घाईने वर येताना बुडबुड्यांच्या रूपाने सुटतो, तो धोका वेगळाच. म्हणून वर येताना वेग आवरायचा, पाच मीटरवर तीन मिनिटे थांबायचे, मग डोके पाण्याबाहेर काढायचे, अशी शिस्त प्रत्येक डायव्हरला शिकवली जाते. होडीवर हात लांबवून दोन सेकंदांत दुरुस्त होणारी चूक १८ मीटरवर जिवाशी येते ती या कारणांमुळे. तिथे वेळ नसतो, बोलता येत नाही, पाठीमागचे दिसत नाही आणि घाबरलेला माणूस हवा दुपटीने ओढतो. बिघाड शोधायची जागा होडीच आहे.

आजचे साधन या रूपाला कसे आले, हे पाहिले की तपासणीचे मोल आणखी कळते. १९४३ साली फ्रान्समध्ये जाक-इव्ह कुस्तो आणि एमिल गान्याँ यांनी अ‍ॅक्वालंग तयार केले. युद्धामुळे पेट्रोलची टंचाई होती आणि गॅसवर मोटारी चालवण्यासाठी गान्याँने एक झडप बनवली होती. तीच सुधारून, श्वास ओढला की लागेल तेवढीच हवा देणारा रेग्युलेटर जन्माला आला. पुढची बरीच वर्षे डायव्हर गेजशिवायच खाली जात. अनेक टाक्यांवर राखीव हवेचा एक दांडा असे. श्वास जड होऊ लागला की तो खाली ओढायचा आणि उरलेल्या हवेवर वर यायचे. पण चढताउतरताना कशाला तरी अडकून हा दांडा आधीच खाली आलेला असला, तर राखीव हवा नकळत खर्च होऊन जाई आणि गरज पडेल तेव्हा ओढायला काहीच उरत नसे. दांडा वर आहे ना, हे जोडीदाराने पाहायचे, ही त्या काळातली तपासणी.

पुढे दाब दाखवणारे गेज सर्रास आले. तरंगण्याचे नियंत्रण करणारे बीसीडी जाकीट आले, जोडीदारासाठी दुसरे मुखयंत्र म्हणजे ऑक्टोपस आला, मनगटावर डाइव्ह कॉम्प्युटर आला. यातली प्रत्येक वस्तू आधीच्या अपघातांचा धडा घेऊन आली, आणि प्रत्येकीने एक नवा बिघाडही सोबत आणला. बीसीडीत हवा भरणारे बटण मिठाने किंवा वाळूने अडकले तर जाकीट आपोआप फुगत राहते आणि डायव्हर आवरता न येणाऱ्या वेगाने वर ओढला जातो. ऑक्टोपस मागे लोंबकळत राहिला, चिखलात घासला गेला, तर ज्या क्षणासाठी तो आहे त्याच क्षणी हाताला लागत नाही. नायट्रॉक्सची, म्हणजे जादा ऑक्सिजन असलेल्या हवेची, टाकी घेतली आणि कॉम्प्युटर साध्या हवेवरच राहिला, तर खोलीची मर्यादा चुकीची दिसते. सुरक्षेची साधने वाढली तसतशी तपासायच्या गोष्टींची यादीही वाढली.

ही यादी अपघातांशी कशी जोडलेली आहे, याचा सर्वांत स्पष्ट पुरावा डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या संस्थेशी संबंधित संशोधकांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांनी हौशी डायव्हरांच्या ९४७ मृत्यूंचा अभ्यास केला. ज्या अपघातांची सुरुवात कशाने झाली हे ठरवता आले, त्यांतल्या ४१ टक्क्यांत सुरुवात अपुऱ्या हवेने झाली होती. २० टक्क्यांत कुठे तरी अडकल्याने आणि १५ टक्क्यांत साधनाच्या अडचणीने. या आकड्यांकडे मी असे पाहतो: खवळलेला समुद्र किंवा शार्क यांची जी भीती घरच्यांना वाटते, तिच्या कितीतरी आधी विचार करावा तो टाकीतल्या हवेचा. आणि हवेची गोष्ट बहुतेक वेळा कोरड्या जागी सुरू होते. टाकी अर्धीच भरलेली असते, किंवा आधीच्या डाइव्हची असते, किंवा पूर्ण भरलेली असूनही तिचा व्हॉल्व्ह नीट उघडलेला नसतो.

व्हॉल्व्हचे हे प्रकरण इथेच विस्ताराने सांगतो, कारण तपासणी म्हणजे काय ते त्यात पूर्णपणे दिसते. टाकीचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडायचा आणि मग पाव फेरा मागे घ्यायचा, असे एके काळी शिकवत. व्हॉल्व्ह टोकाला घट्ट अडकून बसू नये, हा हेतू. यातून एक घातक गोंधळ निर्माण झाला. एकाने व्हॉल्व्ह पूर्ण उघडलेला असतो. दुसरा मदतीच्या भावनेने पुन्हा हात घालतो, दिशा चुकते, तो व्हॉल्व्ह पूर्ण बंद करतो आणि वर पाव फेरा उघडतो. आता तो जेमतेम पाव फेराच उघडा आहे. होडीवर गेज २०० बार दाखवते. मुखयंत्रातून श्वासही येतो, कारण पृष्ठभागावर हवेची मागणी कमी असते. सगळे ठीक दिसते. मात्र २० मीटरवर प्रत्येक श्वासाला तिप्पट हवा लागते आणि त्या बारीक फटीतून ती तितक्या वेगाने येऊ शकत नाही. श्वास ओढला जातो, हवा येत नाही, आणि गेज मात्र टाकी भरलेली असल्याचे सांगत राहते.

याला उपाय साधा आहे. व्हॉल्व्ह एक तर पूर्ण उघडा किंवा पूर्ण बंद. मधली स्थिती नकोच. शिकवणारे अनेक जण आता हेच सांगतात. त्यानंतर मुखयंत्र तोंडात धरून चार भरपूर श्वास घ्यायचे आणि ते घेताना नजर गेजवर ठेवायची. काटा स्थिर राहिला तर व्हॉल्व्ह उघडा आहे. श्वासागणिक काटा खाली झुकून पुन्हा वर येत असेल तर व्हॉल्व्ह अर्धवट आहे. काटा पडत जाऊन परत येतच नसेल तर व्हॉल्व्ह बंद आहे आणि आपण नळीत उरलेली हवा घेत आहोत. गेज नुसते वाचणे आणि श्वास घेता घेता वाचणे यांत एवढे अंतर आहे. या पुस्तकातल्या जवळजवळ प्रत्येक तपासणीचे सूत्र तेच आहे: साधनाकडे नुसते पाहू नये, त्याला त्याचे काम करायला लावावे आणि मग पाहावे.

उडीआधीची यादी ही कल्पना डायव्हिंगची नाही. ३० ऑक्टोबर १९३५ रोजी अमेरिकेत डेटनजवळ बोइंगचे २९९ हे नवे बॉम्बर विमान उड्डाण करताच कोसळले. वैमानिक अत्यंत अनुभवी होता. जमिनीवर उभ्या विमानाची दिशा आणि चढउतार सांभाळणारी पाती वाऱ्याने हलू नयेत म्हणून लावलेला अडसर काढायचा राहून गेला होता. विमान एका माणसाच्या स्मरणशक्तीसाठी फार गुंतागुंतीचे झाले आहे, हे तेव्हा लक्षात आले आणि वैमानिकांसाठी छापील यादी आली. शस्त्रक्रियेच्या टेबलाशी हीच कल्पना जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये आणली. त्या कामाचे नेतृत्व करणारे अमेरिकी शल्यविशारद अतुल गवांदे यांचे घराणे मूळचे यवतमाळ जिल्ह्यात उमरखेडजवळच्या उटी गावचे. आठ शहरांतल्या रुग्णालयांत, त्यांत दिल्लीही होती, ती यादी वापरल्यावर शस्त्रक्रियेनंतरचे मृत्यू दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर आले. हे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले.

डायव्हिंगमध्येही अशी चाचणी झाली आहे. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १,०४३ डायव्हरांच्या २,०४१ डाइव्ह पाहण्यात आल्या. काहींना पाण्यात उतरण्यापूर्वी लेखी यादी देण्यात आली, काहींना नेहमीच्या सवयीवर सोडण्यात आले. यादी वापरणाऱ्यांमध्ये गंभीर घोटाळे ३६ टक्क्यांनी आणि किरकोळ घोटाळे २६ टक्क्यांनी कमी झाले. एका कागदाने इतका फरक पडतो. त्यासाठी नवी यंत्रे लागली नाहीत की जादा पैसा लागला नाही.

मग सगळेच यादी का वापरत नाहीत? कारण तपासणी फार लवकर उपचार बनते. ‘हवा आहे ना?’ ‘आहे.’ ‘बेल्ट?’ ‘लावलाय.’ ‘चला.’ यात विचारणाऱ्याने काही पाहिले नाही आणि सांगणाऱ्याने काही तपासले नाही. दोघांनी एकमेकांना धीर दिला, इतकेच. अनुभव वाढतो तसा हा धोकाही वाढतो. शेकडो वेळा सगळे नीट निघाले की पुढच्या वेळीही नीटच असणार, असे मन गृहीत धरते आणि डोळ्यांना जे दिसायला हवे तेच दिसते. म्हणूनच आपल्या साधनांवर दुसऱ्याचा हात फिरला पाहिजे. जोडीदाराला आपल्या सवयी ठाऊक नसतात. आपण काय गृहीत धरले आहे, हेही त्याला माहीत नसते. त्याचे हे अनभिज्ञ असणेच उपयोगाचे आहे.

जिवंत तपासणीच्या चार अटी मला महत्त्वाच्या वाटतात. ती मोठ्याने बोलून करावी. हात लावून करावी. क्रम कधी बदलू नये. आणि मध्ये कोणी हाक मारली, फोटोसाठी बोलावले, तर जिथे थांबलो तिथून पुढे न जाता पहिल्यापासून सुरू करावी. शेवटची अट लोकांना जाचक वाटते. पण राहून गेलेल्या गोष्टी अशा खंडातच राहून जातात.

क्रम कोणताही चालेल, तो ठरलेला हवा. पाडी या संस्थेच्या अभ्यासक्रमात बीसीडी, वजने, रिलीज म्हणजे बकले, हवा आणि अखेरची नजर अशा पाच पायऱ्या आहेत. ब्रिटनच्या बीएसएसी संस्थेत तरंगणे, हवा आणि रिलीज अशा तीन. आम्ही पाच पायऱ्यांचा क्रम घेतला आहे. पहिल्या पायरीत जाकिटात हवा भरायची, जादा दाबाची झडप सुटेपर्यंत भरायची, मग शांत राहून कुठे फुसफुस ऐकू येते का ते पाहायचे आणि प्रत्येक डंप व्हॉल्व्ह ओढून हवा सुटते याची खात्री करायची. टाकी बांधणारा पट्टा इथेच तपासायचा. कोरडा असताना आवळलेला नायलॉनचा पट्टा भिजल्यावर सैल पडतो, म्हणून तो भिजवून आवळावा आणि टाकी धरून उचलून पाहावी.

दुसरी पायरी शिशाच्या वजनांची. वजने किती आहेत यापेक्षा ती संकटात एका हाताने टाकता येतात का, हा प्रश्न मोठा आहे. बुडालेल्या अनेक डायव्हरांच्या कमरेला वजने तशीच सापडली आहेत. २०२० मध्ये अमेरिकेत थंड पाण्यातल्या एका प्रशिक्षण-डाइव्हमध्ये एका तरुणीचा मृत्यू झाला. तिच्या ड्रायसूटला हवा देणारी नळी जोडलेलीच नव्हती, आणि वजने अशा जागी ठेवली होती की ती चटकन टाकता येत नव्हती. या दोन्ही गोष्टी काठावर उभे राहून दिसण्यासारख्या होत्या. त्यामुळेच तिसऱ्या पायरीवर, म्हणजे बकलांवर, आम्ही जास्त पाने दिली आहेत. जोडीदाराचे प्रत्येक बकल कुठे आहे आणि कोणत्या बाजूला उघडते, हे हाताला माहीत हवे. खाली गढूळ पाण्यात डोळ्यांचा भरवसा नसतो.

चौथी पायरी हवेची. वर सांगितलेले चार श्वास आपल्या मुखयंत्रातून घ्यायचे, आणि ऑक्टोपसमधूनही घ्यायचे. हवेला तेलाचा किंवा धुराचा वास येत असेल तर ती टाकी बाजूला ठेवायची. कॉम्प्रेसरचा हवा ओढणारा पाइप इंजिनाच्या धुराजवळ असला तर टाकीत कार्बन मोनॉक्साइड जाऊ शकतो. त्याला स्वतःचा वास नसतो, पण सोबतच्या धुराला असतो, आणि खोलीवर त्याचा परिणाम दाबाबरोबर वाढतो. पाचव्या पायरीत डोक्यापासून पायापर्यंत एक नजर: मास्क, फिन्स, कॉम्प्युटर, लोंबकळणारी नळी, आणि जोडीदाराचा चेहरा. चेहरा मुद्दाम लिहिला आहे. सर्दी, रात्रीचे जागरण, होडी लागल्याची मळमळ किंवा लपवलेली भीती तिथे दिसते. ती विचारून घेणे हाही तपासणीचाच भाग आहे.

कोकणातल्या वाचकांसाठी एक वेगळे प्रकरण आहे. मालवण, तारकर्ली, देवबागच्या किनाऱ्यावर आणि सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास पुण्या-कोल्हापुराकडून येणारे हजारो लोक आयुष्यातली पहिली बुडी मारतात. त्यांनी कोणताही कोर्स केलेला नसतो, आणि त्यांची साधने सांभाळणारा इन्स्ट्रक्टर पाण्यात त्यांच्या मागेच असतो. अशा पाहुण्याने जोडीदार म्हणून तपासणी करावी अशी अपेक्षा ठेवता येत नाही. सगळा भार इन्स्ट्रक्टरवर येतो. हंगामाच्या गर्दीत एकामागून एक पाहुणे उतरत असताना तोच इन्स्ट्रक्टर तीच साधने पुन्हा पुन्हा हाताळतो, आणि नेमके तेव्हाच तपासणी आखडती होण्याचा मोह होतो. किनाऱ्यावरच्या या इन्स्ट्रक्टरांसाठी तपासणीची यादी मराठीत आणि मोठ्या टाइपात छापली आहे, म्हणजे ती होडीवर लावता येईल. पावसाळ्यात साधने चार महिने पडून असतात. गणपतीनंतर हंगाम उघडण्यापूर्वी नळ्यांना पडलेल्या चिरा, सुकलेल्या ओ-रिंगा आणि मुखयंत्राची फाटलेली रबरे कशी शोधावीत, याचा भाग वेगळा दिला आहे. टाकीच्या गळ्यावर कोरलेली शेवटच्या चाचणीची तारीख कशी वाचावी, हेही तिथेच आहे.

पाहुण्यांसाठीही दोन पाने आहेत. गेज दाखवा, असे म्हणण्याचा त्यांना हक्क आहे. उथळ पाण्यात उभे राहून मुखयंत्रातून श्वास घेऊन पाहण्याचा हक्क आहे. एक इन्स्ट्रक्टर एका वेळी किती जणांना नेतो, हे विचारण्याचाही आहे. आणि सुरक्षितता फक्त पाण्याखालची नसते. मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ स्कूबा करून परतणाऱ्या पर्यटकांची होडी उलटून दोघांचा जीव गेला. होडीत चढतानाच लाइफ जॅकेट अंगात हवे, ही पाहुण्यांसाठीच्या आमच्या यादीची पहिली ओळ आहे.

सर्वांत अवघड प्रकरण शेवटी येते. तपासणीत काही आढळले तर ‘आज नको’ कोणी म्हणायचे? पैसे भरलेले असतात, होडी थांबलेली असते, बाकीचे तयार असतात, आणि एकट्यासाठी सगळ्यांना खोळंबवायला जीव धजत नाही. पाण्यातल्या गुहांमध्ये जाणाऱ्या डायव्हरांनी यासाठी फार पूर्वी एक नियम केला: कोणताही डायव्हर कोणत्याही वेळी, कोणत्याही कारणासाठी डाइव्ह थांबवू शकतो, आणि त्याला कारण विचारायचे नाही. त्यांनी आपल्या साथीदारांच्या मृत्यूंचा एकेक करून अभ्यास केला आणि त्यातून आपले नियम घडवले. हा नियम नवख्यांनाही तितकाच लागू केला पाहिजे. नाही म्हणायची मोकळीक नसेल तर तपासणीला अर्थ राहत नाही, कारण बिघाड सापडूनही माणूस पाण्यात उतरतोच.

हे पुस्तक प्रशिक्षणाची जागा घेत नाही. ज्याने मान्यताप्राप्त इन्स्ट्रक्टरकडे कोर्स केलेला नाही, त्याने ते वाचून एकट्याने टाकी पाठीवर घेऊ नये. ज्याने केला आहे त्याला इथे बरेचसे आठवेल, काही नवे मिळेल, आणि सवयीने सैल झालेल्या काही गोष्टी घट्ट करता येतील. शेवटच्या पानावर पाच पायऱ्यांची यादी आहे. ते पान कापून, प्लॅस्टिकमध्ये घालून साधनांच्या पिशवीत ठेवा. पुढच्या डाइव्हला ते हातात घ्या, मोठ्याने वाचा आणि जोडीदाराकडूनही वाचून घ्या. कोणी घाई केली तरी पाच मिनिटे पूर्ण होऊ द्या. त्यानंतरच पाण्यात उतरा.